रीलच्या प्लेटींचं अ‍ॅनोडायझिंग: बाथ अखेर थंड राहिला

गळाच्या रीलच्या दोन्ही प्लेटी, ६०६१ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, या खेपेला हव्या तशा निघाल्या. अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे अ‍ॅसिडच्या बाथमध्ये करंट सोडून चढवलेला ऑक्साइडचा थर एकसारखा आहे, काठाशीसुद्धा भुकटी नाही. फरक पडला तो फक्त तापमानामुळे.

अ‍ॅनोडायझिंगमध्ये दोन गोष्टी एकदम चालतात. करंट ऑक्साइडचा थर वाढवतो आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड तोच थर विरघळवतं. रंग धरणारी सूक्ष्म छिद्रं त्यातूनच होतात. पण बाथ तापला की अ‍ॅसिड वरचढ ठरतं, थर मऊ पडतो आणि बोटाला पांढरी पूड लागते. म्हणून १८ ते २१ अंश पाळायचे. गोव्यात मे महिन्यात पडवीतलं पाणीच तीसच्या वर असतं, त्यात थर वाढताना उष्णता निघते ती वेगळी.

मासळीचा थर्माकोलचा खोका घेतला, त्यात जेटीवरचा फोडलेला बर्फ आणि पाणी, मधोमध अ‍ॅसिडचा प्लास्टिक डबा. बर्फ बाथमध्ये पडू द्यायचा नाही. त्यातल्या क्लोराइडने प्लेटीला खड्डे पडतात. फिशटँकचा हवेचा पंप बाथ ढवळत ठेवतो. बाथ म्हणजे बॅटरीचं अ‍ॅसिड आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. गॉगल, हातमोजे हवेतच, आणि कॅथोडवर (ऋण टोकावर) हायड्रोजन सुटतो म्हणून काम उघड्यावरच.

दर चौरस डेसिमीटरला १.५ अँपिअर, ४५ मिनिटं. हिशेबाने थर साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मल्टिमीटरच्या पिना प्लेटीवर टेकवल्या तर करंट वाहत नाही. करंट देणारी तार जिथे आवळली होती त्या ठिपक्यावर मात्र बझर वाजतो. तिथे थर चढलेलाच नाही. हा ठिपका बेअरिंगच्या आड जाईल अशीच तार बांधावी.

ही विद्या मुळात खाऱ्या पाण्यासाठीच आली, हे मला फार भावतं. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी सीप्लेनचे ड्युरालुमिनचे (अ‍ॅल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचे) भाग वाचवायला क्रोमिक अ‍ॅसिडची पद्धत काढली. आज खिडक्यांच्या सेक्शनवर सल्फ्युरिकचाच थर असतो. समुद्राकाठी २५ मायक्रॉनचा मागावा. शून्य अंशाच्या आसपास केलेलं, जास्त कठीण थराचं हार्ड अ‍ॅनोडायझिंग सिलिंडर, पिस्टनवर चालतं.

सीलिंगला, म्हणजे थरातली छिद्रं बुजवायला, उकळत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर. त्यानंतर शाईचा थेंब टाकला, पुसला, डाग राहिला नाही. आता बेअरिंग बसवायचं आहे. थराचा साधारण तिसरा हिस्सा बाहेर वाढतो, म्हणजे भोक १३ मायक्रॉनने आवळलंय. मोजूनच दाबणार.