कॅप्सूल गिळण्याच्या आदल्या दिवशी

हिमोग्लोबिन सारखं घसरतंय, पण वरून घातलेल्या दुर्बिणीत काही सापडत नाही, खालून घातलेल्या दुर्बिणीतही नाही. मग संशय लहान आतड्यावर येतो. तिथल्या पाच-सहा मीटरच्या वेटोळ्यांत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही, म्हणून कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देतात. साधारण 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड. सेकंदाला दोन ते सहा फोटो, आठ ते बारा तास.

हे फोटो कसे येणार ते आदल्या दिवशीच ठरतं. दुर्बिणीतून पाणी मारून आतडं धुता येतं, गाळ ओढून घेता येतो. कॅप्सूलला यातलं काहीच जमत नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, नाहीतर त्यांचा काळा थर अस्तरावर बसतो. आदल्या दुपारनंतर फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत असलं काही. कोकम सरबत नकोच, लाल रंग रक्ताचा भास करतो. संध्याकाळी रेचक पावडरीचं द्रावण, बहुतेक ठिकाणी दोन लिटर. शेवटचा अर्धा लिटर पुष्कळजण सोडून देतात आणि आतड्याचा शेवटचा भाग हिरवट-पिवळ्या गाळाखाली झाकला जातो. तो अर्धा लिटर कृपया सोडू नका. त्यानंतर रात्रभर उपास.

कॅप्सूल गिळल्यावर दोन तासांनी पाणी, चार तासांनी मऊ वरणभात. गिळल्यावर तासाभराने कॅप्सूल जठरातून पुढे सरकली का, हे फोटो साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या पडद्यावर पाहून घ्यायला सांगा. मधुमेहात जठर मंद असेल, तर ती तिथेच अडकून बॅटरी संपवते. कमरेला कॅप्सूलचे सिग्नल पकडणारा सेन्सरचा पट्टा असताना ठाणे स्टेशनच्या पुलावरची रेटारेटी टाळा, पट्टा सरकला की सिग्नल तुटतो. तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तळ्याकाठी, सावकाश फेऱ्या मारल्या तर चालतं.

खरी भीती अरुंद आतड्याची. आपल्याकडे आतड्याचा टीबी बराच आढळतो. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज राहण्याचा आजार) किंवा वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही आतडं आवळतं. जेवल्यावर कळ येऊन पोट फुगत असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर ते आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. मग ते आधी सीटी करतात किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. अडकलेली कॅप्सूल काढायला कधी ऑपरेशनच करावं लागतं.

एरवी ती एक-दोन दिवसांत शौचातून पडते. दोन आठवड्यांत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढा. बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका, मग तो दुसऱ्या हॉस्पिटलात गुडघ्यासाठी सांगितलेला का असेना.