जबड्याची नस आणि दातांच्या खात्यात पडलेली माझी फाइल

“डेंटल ट्रीटमेंट पॉलिसीत कव्हर होत नाही.” मोबाइलवर एवढा मेसेज आला आणि माझा क्लेम बंद झाला. ज्या ॲडमिशनचा क्लेम होता, तिच्यात माझ्या दाताला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. गालातून सुई घालून कवटीच्या तळापर्यंत नेली होती, तीही न्यूरोसर्जनने, ऑपरेशन थिएटरात. अजूनही तो मेसेज आठवला की डोकं फिरतं. ट्रायजेमिनल न्युराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, झालेल्या आणि विमा काढलेल्या कुणाला तरी उपयोग होईल, म्हणून सगळं लिहून ठेवते.

आजाराचं थोडक्यात सांगते. तो भाग डॉक्टरांनी निभावला. जीव खाल्ला तो कागदांनी.

उजवीकडे खालचा ओठ, हनुवटी, खालची हिरडी, आणि कधीकधी कानाच्या पुढून वर कानशिलापर्यंत करंट यायचा. दात घासताना, चूळ भरताना, थंडीत सकाळी स्कूटीवर तोंडावर वारा आला की. कळण्याची भाकरी तर मी सोडूनच दिली होती, पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. काही सेकंद, आणि मग काहीच नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून “आते दुखस का?” विचारेपर्यंत ते थांबलेलंही असायचं. त्यामुळे घरात निम्म्यांना वाटायचं, ही उगाच करते.

खालची दाढ दुखते म्हटल्यावर दाढच काढली गेली. करंट होता तसाच. दुसऱ्या दंतवैद्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, बाकीच्या दातांवर टकटक करून पाहिलं आणि सरळ सांगितलं, “ताई, दात चांगले आहेत. आणखी एक काढून मी पैसे घेणार नाही. हे नसेचं आहे, जळगावला न्यूरोलॉजिस्टला दाखवा.” अशी माणसं भेटायला नशीब लागतं. या आजारात चांगले दात निघून जाणं फार होतं म्हणे, तेव्हा दुसरी दाढ काढायला बसण्याआधी हे वाचणाऱ्याने तरी थांबावं.

जळगावच्या डॉक्टरांनी आधी काही तपासलंच नाही. म्हणाले, “कुठे कुठे जातं ते एका बोटाने काढून दाखवा.” मी दाखवलं. मग त्यांनी कानाखालच्या, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “इथे येतं का?” तिथे कधीच येत नव्हतं. ते हसले. चेहऱ्याची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेकडे, म्हणजे ट्रायजेमिनलकडे असते, तिचे तीन फाटे: कपाळ-डोळ्याचा, वरच्या जबड्याचा, खालच्या जबड्याचा. तिसरा मॅन्डिब्युलर, तिघांत सर्वांत मोठा. पण जबड्याच्या कोपऱ्यावरची कातडी त्याच्याकडे नाही, तिथे मानेतून वर आलेली वेगळी नस असते. माझ्या बोटाने नेमकी तिसऱ्या फाट्याची हद्द काढली होती, कोपरा वगळून.

एमआरआयमध्ये मेंदूच्या बुंध्याशी, नस जिथून निघते तिथे, एक रक्तवाहिनी तिला टेकलेली दिसली. कार्बामाझेपिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध सुरू झालं. त्याने पहिल्याच आठवड्यात असा फरक पडला की मी शेवभाजीवर ताव मारला. पण पुढे डोस वाढत गेला, चक्कर यायला लागली, रक्तातलं सोडियम उतरलं. (हे औषध घेणाऱ्याने सोडियम आणि रक्तपेशी वेळोवेळी तपासाव्यात, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि मनाने गोळी एकदम बंद करू नये.) मग दोन रस्ते उरले. एक, कानामागून कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये छोटी गादी ठेवायची. ते जास्त टिकतं. दुसरा, गालातून सुई घालून नसेचा तेवढा भाग तापवायचा. काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं, पण कवटी उघडायची नाही. मी दुसरा घेतला.

अमळनेरहून धुळे, मालेगाव करत नाशिक. टेबलावर उताणं झोपवलं, डोक्याशी एक्स-रेचं मशीन फिरत होतं. ओठाच्या कोपऱ्यापासून साधारण तीन सेंटिमीटर बाहेर सुई टोचतात आणि वर, कवटीच्या तळाला असलेल्या एका लांबट गोल भोकाकडे नेतात. फोरामेन ओव्हेल त्याचं नाव. मॅन्डिब्युलर नस याच भोकातून कवटीबाहेर पडते. सुई जाताना झोपेचं औषध देतात, पण मध्येच उठवतात, कारण सुई बरोबर जागी आहे की नाही हे सांगणारी आपणच. हलका विजेचा प्रवाह सोडला आणि हनुवटीत मुंग्या आल्या. “कुठे?” “हनुवटी, खालचा ओठ.” दुसरा प्रवाह सोडला तर माझा जबडा आपोआप टकटक हलायला लागला, मी न हलवता. तिन्ही फाट्यांत चावायचे स्नायू हलवणारे तंतू फक्त या तिसऱ्यातच असतात, हे मला तिथे टेबलावर कळलं. मग पुन्हा झोप, आणि एक-दीड मिनिटभर उष्णता. उठले तेव्हा उजवी हनुवटी बधिर. करंट नाही. ग्लानीतच मी पाणी मागितलं आणि मुद्दाम खळखळून चूळ भरली.

आता खरी गोष्ट.

हॉस्पिटल विम्याच्या यादीत नव्हतं, म्हणून कॅशलेस नाही. सगळं बिल भरून नंतर क्लेम. आमचं किराणा दुकान आहे, कागद जपून ठेवायची सवय आहे. डिस्चार्ज कार्ड, बिलं, एमआरआयची फिल्म, पहिल्यापासूनच्या चिठ्ठ्या, सगळं झेरॉक्स काढून ओरिजिनल मुदतीत पाठवलं. एजंट भाऊ म्हणाले, “वहिनी, होऊन जाईल.” मग तो मेसेज.

कस्टमर केअरला फोन केला की आधी गाणं, मग नंबर दाबा, मग पुन्हा गाणं. माणूस लागला तर दर वेळी नवा. “मॅडम, आपका जबडे का केस है ना? डेंटल में आता है.” मी म्हटलं, दात नाही, नस आहे. “हां मॅडम, दांत की नस.” एकीने सल्ला दिला की दंतवैद्याचं सर्टिफिकेट जोडा. म्हणजे दाताचं नाही हे सिद्ध करायला दाताच्या डॉक्टरचा कागद! तोही मी जोडला. त्यावर क्वेरी आली की दात काढल्याचा रिपोर्ट आणि जबड्याचा एक्स-रे पाठवा. एकेका उत्तराने फाइल दातांत आणखी खोल रुतत चालली होती. दुकानात गिऱ्हाईक उभं आणि मी फोनवर “रूट कॅनल नाही हो” ओरडतेय, असे ते दिवस.

माझा भाचा धुळ्याला एमबीबीएस करतो. रविवारी आला, फाइल घेऊन ओट्यावर बसला आणि एक कागद वर काढला. “मावशी, हा कोड बघ.” हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्याने आजाराचा कोड ‘के’चा टाकला होता. जगभर आजारांना ठरलेले कोड असतात. ‘के’ म्हणजे पचनसंस्था, आणि तिची सुरुवातच दात-तोंडापासून होते. ट्रायजेमिनल न्युराल्जियाचा कोड जी ५०.०, ‘जी’ म्हणजे मज्जासंस्था. पत्त्यावर गाव बरोबर आणि पिनकोड दुसऱ्याच जिल्ह्याचा, अशी ती फाइल फिरत होती. शिवाय सर्वांत वर लावलेली चिठ्ठी दंतवैद्याची, आणि डिस्चार्ज कार्डाची पहिली ओळ “खालची उजवी दाढ काढल्यानंतरही वेदना”. वाचणाऱ्याने पुढे वाचलंच नसणार.

पण कोड दुरुस्त करून पाठवल्यावरही विमा कंपनीच्या डॉक्टरांचा मुद्दा होताच: ही नस खालच्या दातांना जाते, म्हणून उपचार दातांचा. यावर भाचा इतका चिडला की त्याने वहीचं पान फाडून मला अख्खी नस काढून दिली आणि प्रत्येक फाटा पाठ करून घेतला. पत्र मी लिहिलं, मराठीत. इंग्रजी त्याने केलं.

पत्रात असं होतं. कवटीबाहेर पडल्यावर ही नस आधी एक बारीक फांदी मागे कवटीत पाठवते, मेंदूच्या आवरणाला. मग तिचे दोन भाग होतात. पुढच्या भागातल्या फांद्या मुख्यतः चावायच्या स्नायूंना जातात, फक्त एक, बक्कल, गालाच्या संवेदनेसाठी. मागच्या भागात तीन मोठ्या फांद्या: कानापुढून कानशिलाकडे जाणारी, जिभेची, आणि जबड्याच्या हाडात शिरून खालच्या दातांना जाणारी. ही तिसरीसुद्धा हाडात शिरण्याआधी तोंडाच्या तळाच्या स्नायूला फांदी देते आणि शेवटी हनुवटीच्या भोकातून बाहेर येऊन ओठ-हनुवटीला जाते. दात हा एवढ्या पसाऱ्यातला एक तुकडा. आणि माझा उपचार या सगळ्या फांद्या फुटण्याच्या आधी, फोरामेन ओव्हेलमधून आत, नसेचे तीन फाटे जिथून फुटतात त्या गाठीपाशी झाला. तिथे दात कुठे आला? कानशिलात येणारी कळ दातांच्या कोणत्या फांदीतून येते, तेही कळवा, असं मी शेवटी टाकलं होतं. भाच्याने ते वाक्य काढायला सांगितलं, मी काढलं नाही.

सोबत सर्जनचं अर्ध्या पानाचं पत्र होतं: निदान, कोड, सुई कुठपर्यंत गेली आणि दातांवर काहीही केलेलं नाही. हे पत्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. नंतर त्यासाठी नाशिकला माणूस पाठवावा लागतो. हे सगळं कस्टमर केअरला न पाठवता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवलं. तो पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरात असतो. खाली लिहिलं की उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाणार. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि कंपनीने ती तक्रार नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही. क्लेम मंजूर झाला, आणि खरं सांगते, करंट थांबला त्या दिवसापेक्षा मला त्या दिवशी जास्त आनंद झाला.

काही रक्कम कापलीच. हातमोजे, आणि हॉस्पिटलच्या किटमधला टूथब्रश. दातांचं म्हणून जे खरोखर होतं, तेवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं.

आणखी काही गोष्टी आठवल्या. उजव्या बाजूने चावायला काही आठवडे जोर कमी पडतो, घाबरू नका, भाकरी दुधात कुस्करून खा. ओठ बधिर असताना चहा निववून प्या, भाजलेलं कळत नाही. एमआरआयची फिल्म कुणालाही ओरिजिनल देऊ नका, सीडी मागून घ्या आणि कॉपी द्या. आणि बिल हातात पडलं की रकमेच्या आधी कोड बघा, तिथे काउंटरवरच.