सातवा नंदी: यंदा गवळाऊ

दोन वर्षांपूर्वीच्या लाकडी नंदीचा मागचा डावा पाय तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, दिवशीच मोडला होता. आमच्या ओळीतल्या पोराने तो गट्टूंवरून धावत ओढला, चाक फटीत अडकलं आणि पाय खुराच्या वर चार बोटं आडवा तुटला. पोरगं रडलं नाही, पण मोडका पाय मुठीत धरून माझ्या दारात येऊन उभं राहिलं. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. तुटलेली कड पाहिली की कारण कळतं: लाकडाच्या रेषा पायाला आडव्या गेल्या होत्या. अख्खा नंदी मी एकाच ठोकळ्यातून कोरला होता. धडाला लांबीच्या रेषा छान मिळाल्या, पण चारही पायांना त्याच रेषा आडव्या आल्या.

आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना तो तुकडा दाखवला. त्यांनी नखाने रेषा चाचपल्या आणि म्हणाले, "सायेब, पायाले उभ्या रेशाचं लाकूड घ्या. नाई त पोरगं पयल्याच गिट्टीवर तोडते." तेव्हापासून पाय वेगळे करतो. मागच्या वर्षीचा नंदी अजून चारही पायांवर उभा आहे. तरी त्यात एक खोट राहिली होती, ती आकाराची.

नवीन मंडळींसाठी थोडं माझ्याबद्दल. मी आर्किटेक्ट आहे, घरं आणि छोट्या शाळांची कामं करतो. गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं. आजोबांकडे गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी होती. शिकायला नागपूरला आलो तेव्हा कॉलेजचं नाव व्हीआरसीई होतं, व्हीएनआयटी पुढे झालं. दुसऱ्या वर्षी महाल भागातल्या एका वाड्याची मोजणी करताना सुरूच्या झाडाच्या घाटाचे लाकडी खांब पहिल्यांदा हाताने चाचपले, आणि लाकडाचं वेड तेव्हा लागलं ते आजवर आहे. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा पहिला नंदी केला. ती आता दहावीत आहे. यंदाचा नंदी खालच्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या पोरासाठी आहे.

तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला, अशी इथली परंपरा सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायची आणि संध्याकाळी लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा, हे नागपूरच्या पोरांना सांगावं लागत नाही. पण बाजारात जे नंदी मिळतात, त्यांची शिंगं लांब, वर वळलेली, खिल्लारसारखी. बैल सुंदर दिसतो, पण तो आपल्याकडचा नाही. वर्धा-नागपूरच्या पोरांच्या हातात गवळाऊ असावा, हे माझं ठाम मत आहे. गवळाऊचं डोकं लांब आणि अरुंद, कपाळ मागे झुकलेलं, डोळे बदामी, शिंगं आखूड आणि बोथट. रंग पांढरा, नराच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या अंगावर राखाडी झाक. अंगाने हलका आणि चालायला चपळ. गावात ट्रॅक्टर आल्यापासून अशी जोडी दारात दिसणं कमी होत चाललंय.

म्हणून फेब्रुवारीत चुलतभावाकडे जाऊन त्याच्या सर्जाची मोजणी केली. वाड्याची करतो तशीच: समोरून, बाजूने, वरून. भावाने वेसण धरली, मी टेप लावला. खुरापासून वशिंडापर्यंत १३२ सेंटीमीटर. १:४ प्रमाण धरलं की नंदी ३३ सेंटीमीटर उंच होतो, म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या कमरेच्या खाली. ओढायला ठीक. कपाळाचा उतार टेपने मिळत नाही, त्यासाठी बाजूने फोटो काढला. इथे एक लक्षात ठेवा: जवळून फोटो काढला तर डोकं फुगतं आणि मागचं अंग लहान होतं. मी वीस पावलं मागे जाऊन झूम करून काढला, तेव्हा कुठे मापं जुळली.

लाकूड शिवणचं. सागापेक्षा हलकं, पटाशीखाली लोण्यासारखं जातं आणि एकदा नीट वाळलं की वाकत नाही. पहिला ठोकळा टालीवरून मार्चमध्ये आणला आणि गच्चीवरच्या टिनाखाली ठेवला. तो ओला होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मे महिन्यात पारा ४५ ला गेला आणि एका रविवारी सकाळी पाहतो तर एका टोकापासून वशिंडाच्या खुणेपर्यंत चीर गेलेली. लाकडातलं पाणी टोकांकडून सर्वांत वेगाने निघतं. टोक आधी आटतं, मधलं अंग आटायला तयार नसतं, मग टोक फाटतं. त्यात ठोकळ्याच्या मध्यातून झाडाचा गाभा गेलेला, तिथून चीर हमखास निघते.

दुसरा ठोकळा त्याच मिस्त्रींनी दिला. त्यांच्या पडवीत तीन वर्षं पडून होता, गाभा बाजूला काढलेला. टोकांना मेण वितळवून लावलं आणि खालच्या खोलीत पलंगाखाली ठेवला. माप ३८ × ११ × १५ सेंटीमीटर. यातून धड आणि वशिंड. मान-डोकं वेगळं, चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट: एकूण नऊ तुकडे. कान लाकडाचे केले की पहिल्यांदा तेच तुटतात, म्हणून जुन्या चपलेच्या चामड्याचे कापलेत.

पायांचं लाकूड कुठून आलं, हे सांगायला मला आवडेल. ज्या वाड्याची मी विद्यार्थी असताना मोजणी केली होती, तो मागच्या वर्षी पाडला. खबर मिळाली तोवर खांब गेले होते. तुळईचा दोन फुटांचा तुकडा मिळाला, खिळ्यांची भोकं पडलेला, वरून काळा. रंधा मारला आणि आत मधासारखा साग निघाला, वासासकट. जुना साग पुरता वाळलेला असतो, तो आता सहसा वाकत-चिरत नाही. चारही पाय आणि शिंगं त्याच तुकड्यातून काढली, रेषा खुरापासून मांडीपर्यंत सरळ उभ्या. माझ्या जुन्या मोजणीच्या वहीत त्या तुळईचा छेद काढलेला आहे. ती वही समोर उघडी ठेवूनच करवत चालवली.

जोडणीवर बरेच रविवार गेले. पायाच्या डोक्याला १८ मिलिमीटरची गोल खुंटी काढली आणि पोटात तेवढंच भोक पाडलं. खुंट्या जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, आठ दिवस उन्हात तापवल्या आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. जुलैत पाऊस लागला, धडाने हवेतला ओलावा घेतला, तेव्हा कोरड्या खुंट्या गोंद लावून ठोकल्या. आत गेल्यावर खुंटी स्वतः ओलावा घेते आणि फुगून भोकात आवळते. तीन आठवड्यांनी नंदी पायाला धरून उचलला, हलवला, काहीही खुटखुटलं नाही. हे करून पाहा. भोक मात्र ओढाताण होईल इतकं तंग ठेवू नका, नाहीतर फुगताना धडच चिरतं. मी टाकाऊ तुकड्यावर तीन भोकं पाडून पाहिली, मगच नंदीला हात लावला.

कोरण्यात सर्वांत अवघड वशिंड ठरलं. समोरून पाहिलं की ते डोंगरासारखं सरळ वाटतं, पण सर्जाचं किंचित डावीकडे कललेलं होतं. मोजणीत ते होतं, मी ठोकळ्यावर उतरवलं नव्हतं. डाव्या बाजूला लाकूड शिल्लक होतं म्हणून निभावलं. गळ्याखालची पोळी गोल पटाशीने दोन सकाळींत झाली. मुलगी शेजारी बसून पॉलिश पेपर मारत होती. तिने मागच्या मांडीवर हात फिरवून सांगितलं की इथे हाड लागत नाही. फोटो पुन्हा पाहिला. खरंच, पुठ्ठ्याच्या हाडाची धार मी घासून टाकली होती. पाठीचं लाकूड दोन मिलिमीटरने उतरवून ती परत काढली.

चाकं यंदा ९० मिलिमीटरची, आधी ६० ची होती. सागाच्या दोन पातळ चकत्या, एकीच्या रेषा दुसरीला आडव्या ठेवून चिकटवल्या, म्हणजे चाक फाटत नाही. आस ८ मिलिमीटरच्या सळईची. चाकं लावलेल्या पाटावर विटा बांधून तो आमच्या ओळीतल्या सगळ्या फटींवरून ओढून पाहिला. अडकला नाही.

रंगाला खडूची भुकटी आणि डिंक, अगदी पातळ. खालची रेष दिसली पाहिजे. मानेवर आणि वशिंडावर घरच्या काजळाची झाक, बोटाने. ऑइल पेंटचा चकचकीत पांढरा मला नको होता, गुरांचं अंग तसं चमकत नाही.

परवा फोटो भावाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. "दादा, बाकी सर्जाच हाये. पन शिंगं पुढं गेले ना गा. त्याचे मांगं हायेत." फेब्रुवारीचा फोटो काढून बसलो. शिंगं कपाळाच्या उतारावर बसतात, आणि तो उतार धरून भोकं पाडताना कोन माझ्याकडून उलटा धरला गेला होता. शिंगं अजून चिकटवलेली नव्हती. दोन्ही भोकांत त्याच तुळईच्या खुंट्या ठोकून बुजवली आहेत. उद्या सकाळी सुकतील, मग दहा अंश मागे झुकवून पुन्हा पाडायची. डोळे त्यानंतर.