सॅच्युरेशन ९९, तरी बाबा जागे होईनात

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. बाबांना सीओपीडी आहे, म्हणजे फुप्फुसं कायमची खराब होऊन दम लागण्याचा आजार. उभं आयुष्य परळच्या गिरणीत, वर विडी. जानेवारीतल्या एका रात्री दम इतका वाढला की तोंडातून वाक्य पुरं होईना. १०८ ची गाडी आली, कॅज्युअल्टीत पोहोचलो.

बोटावरच्या यंत्रात सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८३ टक्के. लगेच पिशवीवाला मास्क, ऑक्सिजन पंधरा लिटरवर. आकडा ९९ झाला तशा सिस्टर खूश. मी म्हटलं, "सिस्टर, यांचं ८८ ते ९२ च ठेवायला सांगितलंय." "अहो, ऑक्सिजनने कुणाचं वाईट होतं का?"

होतं. फुप्फुसाच्या बिघडलेल्या भागाकडे शरीराने रक्त कमी सोडलेलं असतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की ते पुन्हा तिकडे वळतं, आणि तिथून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो. बोटावरच्या यंत्राला त्याचा पत्ता नसतो, ते आपलं ९९ दाखवत बसतं.

बाबा शांत झाले. "दमलेत बिचारे, झोपू दे," शेजारच्या खाटेजवळच्या काकू म्हणाल्या. हाक मारली की डोळे अर्धे उघडायचे, परत मिटायचे. तळवे गरम. हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडत होते. कार्बन डायऑक्साइड साठल्याच्याच या खुणा. मी छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन टेबलाशी गेले. "ही बाहेरची आहे. आधी इथला केसपेपर काढा." खिडकीवर रांग. पुढच्या माणसाचं सुट्ट्या पैशांवरून भांडण. केसपेपर घेऊन परत आले तर "डॉक्टर वॉर्डात गेलेत." साठलेला कार्बन डायऑक्साइड कळतो तो एबीजी तपासणीत. एबीजी म्हणजे मनगटाच्या धमनीतून थोडं रक्त घ्यायचं, बस्स. त्यासाठी मी त्या टेबलावर शेवटी मोठ्याने बोलले. वाईट वाटत नाही.

रेसिडेंट डॉक्टर आल्या, तरुण पोरगी, बाबांकडे बघूनच तिने एबीजी काढला. पीएच ७.२४, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं; कार्बन डायऑक्साइड ७८. तो पंचेचाळीसच्या आत असायला पाहिजे. ऑक्सिजन मोजून कमी केला, बायपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने श्वास द्यायचं मशीन, लावलं. पहाटे बाबांनी चहा मागितला.

तीच म्हणाली, २०१० मध्ये टास्मानियात रुग्णवाहिकांमधल्या अशाच दम लागलेल्या पेशंटवर अभ्यास झाला होता. ऑक्सिजन मोजून दिला त्यांच्यात मृत्यू भरमसाट दिलेल्यांच्या निम्म्याहून कमी.

मास्क स्वतः ओढून काढू नका हं. ऑक्सिजन एकदम बंद केला तर सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळू शकतं. कमी करा म्हणून डॉक्टरांच्याच मागे लागा. आणि डिस्चार्जच्या कागदावर '८८ ते ९२' हे शिक्क्यासकट लिहून घ्या, त्याची झेरॉक्स पेशंटच्या खिशात. नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारा मास्क, भिंतीतल्या ऑक्सिजनवर लावतात, म्हणजे त्यातूनही जास्तीचा ऑक्सिजन जातो; तेही विचारा. हवेच्या मशीनवर चालतो. बायपॅपचा मास्क नाकाची कातडी सोलतो, पट्टी आधीच मागून घ्या. बाबांच्या नाकावर अजून खपली आहे.