मोठी स्कूटर घ्यायला निघाले आणि मध्ये आईचा गुडघा आला

माझी ॲक्टिव्हा अकरा वर्षांची झाली होती. इंजिनाची काही तक्रार नव्हती, पण मागचा शॉकअप पार बसला होता. कासारवडवलीहून निघून माजिवडा, कळवा, विटावा करत ऐरोलीला ऑफिसात पोचेपर्यंत कंबर वेगळी आणि मी वेगळी. त्यात महिन्यातून एकदा माणगावला गावच्या घरी चक्कर असते. आजवर दिवा-सावंतवाडी रेल्वे नाहीतर एसटी. पण दोन वर्षांपासून मनात होतं की एकदा आपल्या गाडीने, आपल्या वेळेला निघायचं, वडखळला चहा प्यायचा आणि उन्हं चढायच्या आत अंगणात उतरायचं.

भाऊ म्हणाला, बुलेट घे. त्याच्याकडे आहे, म्हणून जगाने घ्यावी. माझं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं. त्यात गिअरची भर घालून घ्यायची तर पुन्हा लर्निंग, पुन्हा आरटीओची टेस्ट, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी क्लच शिकायची मला हौस नव्हती. मग ठरलं की स्कूटरच, पण मोठी.

आता 'मोठी' हे आपल्याकडे जरा सांभाळूनच म्हणावं लागतं. युरोपात यामाहाची टीमॅक्स २००१ साली आली तीच ५०० सीसीची. सुझुकीची बर्गमन तिकडे ४०० आणि ६५० सीसीचीसुद्धा निघाली. आपल्याकडे त्याच नावाने मिळते ती १२५. बीएमडब्ल्यूची सी ४०० जीटी २०२१ मध्ये इथे आली तेव्हा किंमत ९ लाख ९५ हजार होती. ती मी शोरूमच्या काचेतून बघितली, आत गेले नाही. माझ्या यादीत राहिल्या यामाहा एरॉक्स १५५, हिरो झूम १६०, एप्रिलिया एसएक्सआर १६० आणि बर्गमन.

पहिले दोन आठवडे मी फक्त पीएस, म्हणजे इंजिनाची ताकद, आणि टॉप स्पीड वाचत होते. एरॉक्स १५ पीएस, झूम १४.८, एसएक्सआर ११ च्या आसपास, बर्गमन पावणेनऊच्या आत. कागदावर निकाल लागलेलाच होता. मग एका रात्री डोकं ठिकाणावर आलं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आपल्याला बंदी, अटल सेतूवर बंदी, समृद्धीवर बंदी. जे हायवे उरले तिथे दुचाकीला ८० ची मर्यादा. म्हणजे माझा 'मोकळा रस्ता' म्हणजे ठाणे-बेलापूर रोड, पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड, इंदापूर, माणगाव. मुंबई-गोवा हायवे किती वर्षं 'होतोय' हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. तिथे ११० ने पळणारी गाडी घेऊन करणार काय?

तरी मोह सुटत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण नेरूळला राहते, तिच्या नवऱ्याने झूम घेतलेली. रविवारी सकाळी तिने ती मला पाम बीच रोडवर चालवायला दिली. काय सांगू! थ्रॉटल पिळला की मागून कुणी तरी हाताने ढकलल्यासारखी निघते. सात लिटरची टाकी, पुढे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा), चौदा इंची चाकं. मी मनातल्या मनात रंगही ठरवला. परत आल्यावर ती सोसायटीच्या उतारावर लावलेली गाडी मागे ओढून काढायची होती. १४२ किलो. माझी उंची पाच फूट दोन इंच, दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकलेले, आणि गाडी उताराकडे झुकायला लागलेली. वॉचमन धावत आला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते त्या मिनिटाला कळलं.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती इतर बुटक्या बायकांसाठी लिहून ठेवते. सीटची उंची मिलिमीटरमध्ये वाचून काही उपयोग नाही. झूम ७८७, एरॉक्स ७९०, बर्गमन ७८०, फरक बोटाएवढाही नाही. पण सीट पुढून किती रुंद आहे त्यावर मांड्या किती फाकतात ते ठरतं, आणि त्यावर पाय किती टेकतो ते. शिवाय पायाशी सपाट जागा असलेल्या स्कूटरवर सिग्नलला सीटवरून पुढे सरकून सरळ उभं राहता येतं. झूम आणि एरॉक्सच्या मधून बाइकसारखा उंचवटा जातो, त्यामुळे ती सोय नाही.

पाम बीचवर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात, म्हणून पुढची परीक्षा मी घोडबंदरला घेतली. मामेभावाची एरॉक्स दोन तासांसाठी मागून आणली आणि पातलीपाड्यापासून गायमुखपर्यंत गेले. पावसाळा अर्धा सरलेला, मेट्रोच्या खांबांशेजारी रस्त्याची चाळण झालेली. इथे चौदा इंची चाकाची किंमत कळते. छोटं चाक खड्ड्यात उतरतं आणि पलीकडच्या काठावर आपटतं. मोठं चाक त्याच काठावर कमी चढणीने चढतं, आणि छोटे खड्डे तर नुसते ओलांडून जातं. ॲक्टिव्हाचं मागचं चाक दहा इंची. त्यात स्कूटरचं इंजिन मागच्या चाकालाच धरून वरखाली होतं, म्हणजे प्रत्येक दणक्याला ते सगळं वजन उडतं आणि शॉकअपला सावरावं लागतं. अकरा वर्षं माझी कंबर का दुखत होती याचं उत्तर मला तिथे मिळालं. एरॉक्सचे १२६ किलो मला पेलत होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ठरलं, एरॉक्स.

तो म्हणाला, "आईंना बसवून बघितलंस?"

आई माझ्याकडेच असते. अडुसष्ट वर्षांची, उजव्या गुडघ्याची कुरकुर. डोळ्यांचे डॉक्टर, बँक, गोखले रोड, राममारुती रोडवरची खरेदी, सगळीकडे ती माझ्यामागे बसून येते. रिक्षावाले 'नाही' म्हणतात तेव्हा तिला अपमान वाटतो, म्हणून तिला गाडीच बरी. साडी नेसून एका बाजूला बसणं मी कोव्हिडच्या आधीच बंद करवलं, आता पंजाबी ड्रेस घालून नीट दोन्हीकडे पाय टाकून बसते.

शनिवारी तिला शोरूममध्ये नेलं. गाडी डबल स्टँडवर होती. आईने आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मागची सीट पुढच्यापेक्षा चांगलीच वर, मागे शेपटी उचललेली. तिने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, उजवा पाय उचलला, आणि तो सीटच्या कडेला टेकून तिथेच अडकला. ना पलीकडे जाईना, ना खाली येईना. शोरूमचा मुलगा चटकन पुढे झाला, "आजी, माझा हात धरा." आईने त्याचा हात धरून पाय खाली घेतला, श्वास घेतला आणि त्याला म्हणाली, "बाळा, गाडी छान आहे हो. पण ही घोड्यासारखी आहे, मला गाय हवी."

मुलगा हसला. मला हसू येईना. दोन महिन्यांचा अभ्यास त्या एका गुडघ्यावर अडकला होता. घरी येताना आई मागून म्हणाली, "तू घे गं तुला हवी ती. मी रिक्षाने जाईन." हे वाक्य आया ज्या सुरात म्हणतात त्या सुरात.

रात्री बसून हिशोब केला. महिन्यातले दोन दिवस माणगाव. उरलेल्यातले दहा-बारा दिवस आई मागे. आणि रोज काही ना काही पायाशी: दळणाचा डबा, भाजीची पिशवी, दिवाळीआधी रद्दी. उंचवटावाल्या गाडीत हे सगळं ठेवायचं कुठे? एरॉक्सची डिकी साडेचोवीस लिटरची आहे, पण दहा किलोचं दळण कोणी डिकीत कोंबत नाही.

मग सपाट पायांच्या दोनच उरल्या. एसएक्सआर आपल्या बारामतीत बनते, म्हणून थोडा जिव्हाळाही होता, आणि सात लिटरची टाकी. सीट ऐसपैस, आई बसलीसुद्धा. पण वजन १२९ किलो, आणि माझ्या वजनाला तिचं सस्पेन्शन मला कडक वाटलं. कंबरेसाठीच तर गाडी बदलत होते. राहिली बर्गमन. मागच्या चाकाच्या मापाने तिचे दोन प्रकार आहेत, आणि घेणाऱ्याने हा फरक जरूर विचारावा. साध्या बर्गमनचं मागचं चाक दहा इंची, ईएक्स नावाच्या प्रकाराचं बारा. ऐकायला दोन इंच, पण घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर तोच खड्डा दोन्ही गाड्यांवर घेऊन बघितला तर मागे बसलेल्या नवऱ्यानेच निकाल दिला. वजन १११ किलो. आई एका दमात चढली, बसल्यावर सीटवर दोनदा थापटलं.

काय सोडलं तेही लिहिते. एबीएस सोडलं. मी गाडी घेतली तेव्हा १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस पुरेशी मानली जात होती, त्याच्या वर एबीएस सक्तीचं, म्हणून मोठ्या तिघींना ते आहे आणि हिला नाही. ओल्या रस्त्यावर याची आठवण मला येतेच. आणि जोर सोडला. सत्तरच्या पुढे ही गाडी पळते, पण विचार करून पळते.

गाडी ऑगस्टमध्येच घेणार होते, तेवढ्यात जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि मी हात आखडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला, आणि २ ऑक्टोबरला दसरा. म्हणजे सगळ्या ठाण्याने तोच मुहूर्त धरला. मी फिरलेल्या शोरूमपैकी एका ठिकाणी ऑन रोड किमतीच्या कागदावर 'हँडलिंग' म्हणून एक आकडा होता आणि 'ॲक्सेसरीज किट' सक्तीचं. हँडलिंग म्हणजे काय हँडल केलंत, असं विचारल्यावर तो माणूस आत गेला आणि दुसरा कागद घेऊन आला, त्यात ती ओळच नव्हती. विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी घ्यावाच लागतो, पण तो त्यांच्याकडूनच घ्यायला हवा असं कुठे लिहिलेलं नाही. बाहेरून दर काढून तो कागद टेबलावर ठेवला की बोलणी सोपी होतात. मी किट नाकारलं आणि त्या पैशांत मागे टॉप बॉक्स बसवला. त्याला पाठीची गादी आहे, आई तिला 'माझी खुर्ची' म्हणते.

दसऱ्याला गाडी घरी आली, झेंडू, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. दिवाळी झाल्यावर मी एकटी पहाटे पाचला माणगावला निघाले. ठाणे-बेलापूर रोडवर अंधारात ट्रेलरच ट्रेलर. पनवेल सोडल्यावर थंडी लागली, छातीला काचेचा आडोसा मिळत होता पण हेल्मेटवर वारा थेट येत होता. पाय पुढे ताणून ठेवता येतात, ते सुख मात्र या गाडीचं खरं. गुडघा नव्वद अंशांत अडकून राहत नाही.

कर्नाळ्याच्या चढाला एका सिमेंटच्या ट्रेलरमागे अडकले. एरॉक्स असती तर एका पिळीत पुढे गेले असते. इथे मी तीनदा बाहेर डोकावले, तीनदा परत आत आले आणि चढ संपेपर्यंत त्याचा धूर खाल्ला. सुकेळी खिंडीत उताराला दुसरी शिकवण. स्कूटरला गिअर नसतो, आणि थ्रॉटल पूर्ण सोडून वेग बराच खाली आला की आतला क्लच सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. म्हणून उतारावर वेग अगदी मरू द्यायचा नाही, थ्रॉटल किंचित धरून ठेवायचा, ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा दाबायचा-सोडायचा. मागचा ड्रम सतत दाबला तर तापतो. हे भावाने फोनवर सांगितलं होतं, तेव्हा मी 'हो हो' म्हणून सोडून दिलं होतं.

चहा-पेट्रोल धरून साडेचार तास लागले. भाऊ अंगणात उभाच. "बुलेटने साडेतीन," एवढंच म्हणाला.

परत येताना त्याने पंधरा किलो तांदळाचं पोतं पायाशी ठेवलं, सपाट जागा आहे ना म्हणून. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला ती जागा पोत्याने भरली, आणि माझे पाय दोन्ही कडांना चिकटून, गुडघे वर. पाय ताणायचं सुख १३० किलोमीटर पोत्याने उपभोगलं. वडखळला थांबून ते डिकीत जातं का बघितलं, गेलं नाही. टॉप बॉक्समध्ये तर नारळ होते.

घरी पोचले तेव्हा मला नीट चालता येत नव्हतं. आई खाली आली होती. तिने पोतं बघितलं, ते उचलल्यावर रिकामी झालेली जागा बघितली, आणि म्हणाली, "बरं झालं, उद्या दळण न्यायचंय."