नग्गर: एप्रिलमधले पक्षी आणि रोरिकचे डोंगर

हिवाळ्यात सह्याद्रीच्या झाडीत गुपचूप वावरणारे ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश आणि नीलांग (व्हर्डिटर फ्लायकॅचर) विणीसाठी हिमालयात जातात. तिथे ते भरभरून गातात. हे गाणं ऐकायला कुलू खोऱ्यातलं नग्गर फार सोयीचं आहे, कारण निकोलाय रोरिक या रशियन चित्रकाराचं घर आणि त्याची हिमालयाची चित्रंही त्याच उतारावर आहेत. एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा निवडावा. त्याआधी गेलात तर बागा फुललेल्या मिळतील, पण पाहुणे पक्षी पुरते आलेले नसतात.

दिल्लीहून मनालीला जाणाऱ्या रात्रीच्या बसने पतलीकुहलला उतरायचं. बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, नाहीतर झोपेत थेट मनालीला पोहोचाल. पुढे बियास नदी ओलांडून सहा किलोमीटरचा चढ आहे, त्यासाठी टॅक्सी करावी. नग्गर सुमारे १,८०० मीटरवर आहे. पहाटेसाठी जाड जाकीट आणि दुपारसाठी रेनकोट हवाच. एप्रिलमध्ये दुपारनंतर पाऊस, कधी गाराही पडतात.

इथे उजेडाचं गणित आधी समजून घ्यावं. गाव खोऱ्याच्या पूर्वेकडच्या उतारावर आहे. त्यामुळे सकाळचं ऊन आधी समोरच्या, पश्चिमेच्या डोंगरांवर पडतं आणि आपला उतार बराच वेळ सावलीत राहतो. गाणी उजाडताच सुरू होतात, पण पक्षी नीट दिसतात ते ऊन खाली उतरल्यावर. नग्गरच्या किल्ल्यापासून रोरिकच्या घराकडे आणि पुढे रुमसू गावाकडे चढणारा रस्ता त्यासाठी उत्तम. देवदार उंच आहेत. बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं तर मान दुखते आणि पक्ष्याचं फक्त पोट दिसतं. वरच्या वळणावर थांबा, म्हणजे खालच्या झाडांचे शेंडे नजरेच्या रेषेत येतात. रॉक थ्रशचा नर अशाच शेंड्यावर बसून गातो. चढावर धाप लागलेली असताना १० पटीची दुर्बीण हातात थरथरते, ८ पटीची (८×४२) बरी.

ओढ्यांवर वेगळी मंडळी भेटतात: प्लंबियस रेडस्टार्ट, व्हाइट-कॅप्ड रेडस्टार्ट, ब्राउन डिपर. डिपर पाण्यात बुडी मारतो, म्हणून एका खडकावर नजर लावून दहा मिनिटं शांत बसावं. चालत शोधायला गेलात तर तो प्रवाहाच्या कडेने दूर निघून जातो. सफरचंदाच्या बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका; बहराच्या दिवसांत तिथे मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या असतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर अजिबात नको. विणीच्या काळात नर घरटं सोडून त्या आवाजामागे धावत राहतो.

दहानंतर गाणी मंदावली की रोरिकच्या कलादालनात जावं. ते सोमवारी बंद असतं. दुपारी मनालीकडून गर्दी येते. आत फोटो काढू देत नाहीत. रोरिक १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिला. त्याची चित्रं टेंपेरातली आहेत, म्हणजे तेलरंगाची चमक नाही. सपाट, कोरडे निळे-जांभळे पट्टे आणि धारदार कडा. त्याच परिसरात थोडं वर ‘उरुस्वती’ या त्याच्या कुटुंबाच्या जुन्या संशोधनसंस्थेची इमारत आहे. वॉल्टर कोएल्झ हा अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ १९३० मध्ये तिथे आला होता.

चित्रं पाहून लगेच खाली उतरण्याची घाई करू नका. आकाश मोकळं असेल तर चारनंतर सूर्य समोरच्या रांगांमागे कलतो. पक्ष्यांसाठी हा उजेड वाईट, सगळे काळे दिसतात. पण डोंगरांचे बारकावे पुसले जाऊन एकामागे एक निळे थर उरतात, आणि रोरिकने ते पट्टे कल्पनेने रंगवले नव्हते हे तेव्हाच पटतं. त्यासाठी मुक्काम नग्गरलाच हवा. मनालीहून केलेल्या धावत्या फेरीत पहाट आणि संध्याकाळ दोन्ही हुकतात.