पोदेर आयलो गे!

स्मरणिकेसाठी लेख मागायला वर्गमैत्रिणीचा फोन आला, तेव्हाच तिला बजावलं होतं, 'शाळेने मला घडवलं' छापाचं काही मी लिहिणार नाही. मला लिहायचंय ते शाळेत झालेल्या तबल्याच्या कार्यक्रमाच्या एका दुपारविषयी. गोवा १९८७ साली घटकराज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीचा श्रावण. मी आठवीत होतो.

सभागृह असं शाळेला तेव्हा नव्हतंच. तीन वर्गांमधल्या लाकडी फळ्यांच्या भिंती दुमडल्या की झालं सभागृह. कौलांवर पावसाचा असा मारा, की बाकावरच्या शेजाऱ्याचंही ऐकू येत नव्हतं. त्यात वीज गेली आणि माईक मुका झाला. टेबलं जोडून केलेल्या व्यासपीठावर तबल्याचे मास्तर बसलेले. गावोगाव शिकवण्या करणारे, लुकडे, कपाळाला गंध. ते उठले, तबला-डग्गा उचलून खाली आले आणि सरळ आमच्यात सतरंजीवर बसले. मागच्या रांगेला पुढे सरका म्हणाले. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली, पण बोलणार काय?

'शास्त्रीय संगीत' या शब्दांचा आम्हाला धसकाच होता. आमच्या फोंडा तालुक्यात नावांना काय तोटा! केरीच्या गायिका केसरबाई, मंगेशीचे गायक अभिषेकीबुवा, हार्मोनियमवाले बोरीचे तुळशीदास बोरकर. प्रत्येक पाहुणा भाषणात ही नावं घ्यायचा आणि आम्ही जांभया द्यायचो. मास्तरांनी एकही नाव घेतलं नाही. हातोडी काढली आणि तबला लावायला बसले. दमट हवेत तबल्यावरची चामड्याची पुडी सैल पडली होती. पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर ठोक, बोटाने 'ना' वाजवून बघ, तबला जरा फिरव, पुन्हा ठोक. चांगली पाच मिनिटं हे चाललं. मास्तर थांबले आणि आम्ही कडकडून टाळ्या वाजवल्या.

"अजून सुरवातूच करूंक ना रे," मास्तर म्हणाले. सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं, १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं लावून होताच तिथल्या हजारो गोऱ्यांनी अशाच टाळ्या पिटल्या. तेव्हा रविशंकर म्हणाले, लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. "म्हणजे तुमी एकटे न्हय," मास्तर म्हणाले. मुख्याध्यापकही हसले.

नंतर त्यांनी विचारलं, "चवथीक घुमट कोण वाजयता?" घुमट म्हणजे गणेशचतुर्थीला आमच्याकडे वाजतं ते मातीचं चर्मवाद्य. पंधरा-वीस हात वर झाले. "पावसात चामडं सैल पडलं की काय करता?" मागून एकजण ओरडला, चुलीकडे धरतो. (तेव्हा घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं असतं.) "शाबास. माझ्या तबल्याला चुलीकडे नेता येत नाही, म्हणून ही हातोडी." आता ठोकाठोकीचं कारण कळलं होतं, आणि वर आमच्याकडे घुमट असल्यामुळे आम्ही त्यांच्याच धंद्यातले ठरलो होतो.

मग तीनताल. सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली. बोटांवर मोजायला लावलं. तिहाई म्हणजे काय ते सांगितलंच नाही. विचारलं, सकाळी पाववाल्याचा भोंगा वाजला की आईला काय ओरडून सांगता? "पोदेर आयलो गे!" अख्ख्या वर्गाने सांगितलं. "मोजा. पोदेर एक, आयलो दोन, गे तीन. आता खालीपासून हेच तीनदा म्हणायचं. तिसरं 'गे' समेवर पडायला हवं." ते ठेका धरून बसले आणि आम्ही दीडशे पोरं ओरडलो. घाईघाईत आमचा पोदेर दीड मात्रा आधीच येऊन पोचला.

मास्तरांनी हात थांबवला. "बेगीन आयलो. पाव भाजूंक नात."

चौथ्या खेपेला जमलं. 'गे' आणि त्यांचा 'धा' एकाच क्षणी पडला आणि अंगावर काटा आला. मग त्यांनी तीच जागा 'तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा' अशी वाजवली, आणि त्यापुढची वीस मिनिटं तोंडातून चकार शब्द काढला नाही. कायदा, रेला, जे काय होतं ते वाजवलं. नावं मला फार पुढे कळली. पण प्रत्येक समेला दीडशे माना हलत होत्या. बोलायचं कुठे थांबवायचं हे त्या माणसाला नेमकं कळत होतं. जाता जाता लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचं नाव तेवढं घेतलं. म्हणाले, एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा आणि तोंडाने तिसराच चालवणारा हा माणूस आपल्याच गोव्याचा.

बऱ्याच वर्षांनी पुण्यात झाकीर हुसेन यांचं एकल वादन ऐकलं. शंकराचा डमरू आणि शंख तबल्यातून काढण्याआधी ते मोजकंच बोलले, तेही दिवाणखान्यात बसून बोलावं तसं. हजारो लोक पुढे झुकून ऐकत होते. मला मात्र कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

नोकरी बँकेत केली, तरी निवेदनाची हौस मला या दुपारीच लागली. एका वर्षी देवळातल्या संगीत संमेलनात गायकाची ओळख करून द्यायला उभा राहिलो. घराणं, गुरुपरंपरा, पुरस्कार, परदेश दौरे, सगळं पाठ करून गेलो होतो. बारा-पंधरा मिनिटं झाली असतील. मागून ठक्, ठक् असा आवाज आला. वळून पाहिलं तर तबलजींनी हातोडी उचलली होती. तबला केव्हाच लागलेला होता. मांडवात खसखस पिकली आणि मी परिचयाचा कागद खिशात घातला.

मास्तर पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, थकलेले, हातात काठी. मध्यंतरात चहाचा पेला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"पोदेर आयलो रे, तीनदां आयलो," ते म्हणाले. "पूण पाव खंय?"